हिरवा आडोसा आणि आपली घाई

मराठीत आडोसा हा फार सुंदर शब्द आहे. भिंत अडवते, कुंपण राखण करते, पडदा लपवतो. आडोसा यातले थोडे थोडे सगळेच करतो, पण कुणाच्या तोंडावर दार आपटत नाही. पावसात वाटसरू झाडाच्या आडोशाला उभा राहतो, अंगणात चुलीला आडोसा करतात, न्हाणीला आडोसा असतो. त्यात माया आहे, मर्यादाही आहे. बंगल्याभोवती झुडपे लावून 'प्रायव्हसी' मिळवायची म्हणतात तेव्हा खरे तर हाच आडोसा हवा असतो. मागताना मात्र माणसे भलतेच काही मागतात. ती मागतात वेग.

हे सुचायचे कारण इंदूरकडचे. माझी एक मावसबहीण लग्न होऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. आता तिने नि तिच्या यजमानांनी हातोदला घर बांधले आहे. हातोद म्हणजे इंदूरच्या पश्चिमेला, विमानतळाच्या अंगाला वीसेक किलोमीटरवरचे तहसिलीचे गाव. सोयाबीन, गहू, हरभरा, बटाटा, लसूण यांचा मुलूख. सुपर कॉरिडॉर झाल्यापासून इंदूर त्या बाजूला सरकते आहे नि शेतांचे प्लॉट पडताहेत. बहिणीच्या घराला एका बाजूने साठ फूट रस्ता लागतो. फोनवर म्हणाली, "दादा, ओट्यावर बसून लसूण सोलायची सोय नाही. येणारा जाणारा बघतो. लवकर वाढणारं, बारा महिने हिरवं राहणारं काहीतरी सांग. नर्सरीवाला म्हणतो, सहा महिन्यांत हिरवी भिंत करून देतो."

मी म्हटले, "अगं, ती भिंत सहा महिन्यांत होईल, पण सातव्या महिन्यात वाढायची थांबेल का, ते विचारलंस?"

माझा सगळा मुद्दा या एका प्रश्नात आहे. झाड वेगाने वाढते ते आपल्या सोयीसाठी नव्हे. तो त्याचा स्वभाव आहे, आणि सहा फुटांवर पोचल्यावर तो बदलत नाही. वर्षाला पाच फूट वाढणारे झुडूप सव्वा वर्षात हवी ती उंची गाठते. पुढे मात्र दरवर्षी त्याची पाच फूट वाढ छाटावी लागते. पाच वर्षे हात लावला नाही तर ते पंचवीस फुटांचे होते, खालून उघडे पडते नि वर शेंडा हलवत उभे राहते. म्हणजे आडोसा हवा तिथे भोके आणि नको तिथे रान! साठ फूट लांब कडा वर्षातून चार वेळा छाटायची तर माळी लावा, नाहीतर रविवार द्या. एका वर्षाची वाट वाचवण्यासाठी वीस वर्षांची चाकरी पत्करायची, हा कुठला हिशेब?

आणि ही चाकरी नुसती कात्रीची नसते. ते हिरवेपण कुठून तरी येत असते. झपाट्याने वाढणारे, भर मे महिन्यातही तुकतुकीत दिसणारे झाड पाणी कुठून आणते? एकतर आपण घालतो, नाहीतर त्याची मुळे शोधून आणतात. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत कोनोकार्पस नावाच्या झाडाचे पेव फुटले. बंगले, कारखाने, रस्त्यांचे दुभाजक, जिकडे तिकडे तेच. आपल्याकडे लावतात ती जात मुख्यतः सोमालिया-येमेनकडची. तिथल्या रेताड, कोरड्या नाल्यांच्या काठी तगायची तिला सवय. शेजारच्या गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. कारणे दिली ती अशी: मुळे खोल जाऊन केबल, गटारे आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांना इजा करतात, आणि फुलोऱ्यातल्या परागांमुळे सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जीचा त्रास होतो. हातोदहून गुजरातची सीमा काही फार लांब नाही. तिकडे नको झालेली रोपे इकडे स्वस्तात येणार नाहीत, असे कुणी सांगावे?

या देशात अशा पाहुण्यांची परंपरा जुनीच आहे. घाणेरी, म्हणजे टणटणी, मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली ती शोभेची म्हणून, आणि पुढे बागांच्या कुंपणाला लागली. बुलबुलांनी फळे खाल्ली नि बिया रानोमाळ टाकल्या. आज मध्य प्रदेशातल्या जंगलांत वनखात्याला ती उपटत बसावे लागते. दुसरी ती बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेली, काडी टोचली की जगते, जनावर तोंड लावत नाही म्हणून शेताच्या कडेला लावली गेली. आज नाले आणि तळ्यांचे काठ तिने व्यापले आहेत, आणि चारा नसताना शेळ्यामेंढ्यांनी खाल्ली तर त्यांना बाधते. नाव लोकांनी ठेवले ते उगाच नव्हे. लावताना प्रत्येकाचे कारण एकच होते, लवकर वाढते नि काळजी घ्यावी लागत नाही!

कुंपणाचा खरा अनुभव हवा असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. इंग्रजांनी मिठावरच्या करासाठी हिंदुस्थानच्या पोटातून एक जकातीची रेषा आखली होती. सिंधूपासून ओरिसाकडे महानदीपर्यंत, दोन हजारांहून अधिक मैल लांब, आणि राखायला बारा हजारांच्या आसपास माणसे. मिठाची चोरटी ने-आण थांबावी म्हणून या रेषेवर काटेरी कुंपण घातले. दक्षिणेत ते नर्मदा ओलांडून बुऱ्हाणपुरापर्यंत आले होते, म्हणजे इंदूरच्या तसे अंगणातच. आधी वाळलेल्या काट्यांचे कुंपण केले. ते वाळवीने खाल्ले, वणव्याने जाळले, वादळाने उडवले. मग १८६७ ते १८७० या काळात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या खात्याचा कमिशनर झाला. होय, १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारा तोच ह्यूम. तो पक्षिशास्त्रज्ञ होता, त्याला झाडामातीची जाण होती. जिवंत कुंपण हवे हे त्याने धरले, आणि कुठल्या जमिनीत कुठले झाड जगते ते लावून पाहिले. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, शेर, जिथे जे मानवेल ते. जमीन फारच नापीक तिथे चर खणून चांगली माती आणून भरली. काही ठिकाणी हे कुंपण दहा-बारा फूट उंच झाले. अख्खे साम्राज्य पाठीशी होते, तरी झाडांना वेळ द्यावाच लागला, आणि सगळीकडे एकच झाड चालले नाही.

पुढे १ एप्रिल १८७९ पासून ही रेषा बंद झाली. मीठ जिथे पिकते तिथेच ते ताब्यात घेणे सरकारला सोपे पडले. आम्हा गोंयकारांना याची झळ दुसऱ्या टोकाने लागली. १८७८ च्या पोर्तुगीज-इंग्रज करारानुसार आमच्या मिठागरांवर इंग्रजांची देखरेख बसली आणि ती १८९२ पर्यंत टिकली. असो. कुंपण अन्यायाचे होते, ते गेले हे बरेच झाले. पण त्या अन्यायी कुंपणापाशीही शिकण्यासारखे एक होते. आधी माती बघा, मग झाड निवडा.

आता कुणी म्हणेल, पूर्वी मराठी माणसाला हा आडोसा लागत नव्हता का? लागत होता. पण तो घराच्या पोटात असे. होळकरांबरोबर माळव्यात गेलेल्या मराठ्यांनी वाडे बांधले. वाड्याला रस्त्याकडे भिंत नि दिंडी दरवाजा, आणि आत चौक. लसूण सोलणे, पापड वाळवणे, बाळाला न्हाऊ घालणे सगळे चौकात. आकाश दिसे, रस्ता दिसत नसे. बंगला आला तो छावणीबरोबर. १८१८ नंतर महूला छावणी पडली, इंदुरात रेसिडेन्सी आली. बंगल्याची रचना वाड्याच्या अगदी उलट, घर मध्ये नि जमीन भोवती. घर असे उघड्यावर ठेवल्यावर कडेने झाडी आलीच. म्हणून बंगला आणि मेंदीची कुंपणे अशी जोडीच जमली. आज हातोदच्या प्लॉटवर आपण बांधतो तो छोटा बंगला, आणि मनात हवा असतो तो वाड्याचा चौक. हे अंतर कोणतेही झुडूप एकट्याने भरून काढणार नाही, हे आधी ओळखलेले बरे.

म्हणून बहिणीला पहिले काम सांगितले ते खुर्ची टाकून बसायचे. सकाळी ओट्यावर, दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, संध्याकाळी मागच्या दारी. कुठून कोण दिसते ते पाहायचे. बहुतेकदा कळते की साठ फुटांपैकी वीस-पंचवीस फुटांतच खरी अडचण आहे. रस्त्याने चालणाऱ्याची नजर साडेपाच फुटांवर असते, त्यामुळे सहा फूट उंची पुरते. समोरच्या घराच्या गच्चीवरून दिसत असेल तर झुडपांचा काही उपयोग नाही. तिथे त्या नजरेच्या रेषेत एखादे बकुळीचे झाड लावावे. ते सावकाश वाढते, पण बारा महिने हिरवे राहते आणि फुले देते.

मग माती. माळव्याची काळी माती म्हणजे कापसाची माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भेग पडली की बारीक मुळे तुटतात, आणि पावसाळ्यात पाणी साचले की ती कुजतात. आमच्या गोव्यात चिऱ्याच्या जमिनीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो नि पाणी वाहून जाते. इंदूरला त्याच्या एक तृतीयांश, तोही जून ते सप्टेंबरात. पुढे आठ महिने कोरडे, मध्येच हिवाळ्यात कडाका, मे महिन्यात चाळिशीच्या वरचे ऊन. त्यामुळे गोव्यातली आमची जास्वंदीची नि क्रोटनची वंय जशीच्या तशी हातोदला नेऊन भागत नाही.

तिथे काय लावावे? माझे मत पाच झुडपांना आहे. पहिले तगर. तिकडे नर्सरीत चांदनी म्हणून मागावे. काडीने लागते, बऱ्यापैकी लवकर भरते, बारा महिने हिरवे, आणि रोज देवाला पांढरी फुले. दुसरा अडुळसा. पाने कडू असल्याने शेळ्या तोंड लावत नाहीत, छाटले की जोमाने फुटतो, आणि खोकल्याचा काढा घरचा. तिसरी मेंदी. उन्हाला नि कोरड्याला दाद देत नाही, जितकी छाटाल तितकी दाट होते. चौथी कामिनी, तिकडे तिला मधुकामिनी म्हणतात. ही सावकाश वाढते, पण एकदा झाली की पिढीभर टिकते, आणि पावसाच्या सरीनंतर फुलली की घर दरवळते. मात्र जवळ संत्र्या-लिंबाची बाग असेल तर कामिनी टाळावी, कारण त्या झाडांना हिरवेपणाचा रोग देणारी सिला नावाची कीड हिच्यावर आवडीने पोसते. पाचवे करवंद. सुरुवातीला रडत वाढते, पण पुढे काटे असे की कुत्रे-मांजर शिरत नाही, आणि उन्हाळ्याच्या अखेरीला लोणच्याची सोय.

कण्हेर नि बिट्टी मी मुद्दाम वगळल्या. दोन्ही झपाट्याने वाढतात, बारा महिने हिरव्या, फुले सुंदर. महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर शोभते. पण तिचे पान न् पान विषारी आहे. माळवा हा दुधाचा मुलूख. छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला टाकल्या आणि मोकळ्या गाईने खाल्ल्या तर? आपल्या आडोशापायी मुके जनावर जाणार असेल तर तो आडोसा काय कामाचा? लहान मुले असलेल्या घरात पिवळ्या फळांच्या दुरांट्याचाही विचार करावा. त्याची फळेही खाण्यासारखी नव्हेत.

आणि एकच जात रांगेने लावू नये. साठ फुटांना अडीच फुटांवर एक धरले तर पंचवीसेक रोपे होतात. ती तीन-चार जातींची मिसळून लावावी. दिसायला सैन्याच्या कवायतीसारखे दिसणार नाही हे खरे. पण एका जातीवर कीड पडली तर सगळी भिंत एकदम जात नाही, दोन-चार रोपांपुरता खड्डा पडतो, तो भरता येतो. शिवाय फुलांचे मोसम वेगळे, त्यामुळे पाखरे नि फुलपाखरे वर्षभर येती-जाती राहतात.

"पण दादा, तोवर काय करू? दोन वर्षं रस्त्यावर बसू?" बहिणीचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तिच्या शेजारच्या शेतातच उभे होते, तूर! जूनअखेर कडेने दाट पेरली की दसरा-दिवाळीपर्यंत डोक्याएवढी होते. आडोसाही झाला नि वरण-भातापुरती डाळही झाली. तुरीच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, ते शेजारी लावलेल्या कामिनीच्याच कामी येते. तूर निघाली की बांबूची तट्टी उभी करून तिच्यावर दोडका, गोकर्ण चढवावे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तूर. दोन वर्षांत झुडपे कमरेवर येतात, तिसऱ्या वर्षी आडोसा उभा. लवकर वाढणारे हवे ना, मग ते असे हवे, जे काम झाल्यावर आपणहून निघून जाते. घाई तुरीला द्यावी नि सबुरी कामिनीला.

लावायची रीतही सांगतो, कारण निम्मी कुंपणे तिथेच फसतात. हद्दीला खेटून लावू नये, तीन फूट आत घ्यावे. पलीकडे जाऊन छाटायला जागा राहते नि शेजाऱ्याच्या पायात फांद्या जात नाहीत. चर दीड फूट रुंद, माती जरा उंच घेतलेली, म्हणजे पाणी साचणार नाही. पहिला चांगला पाऊस झाल्यावर जुलैत लागवड. रोप जमिनीत धरले की त्याचा शेंडा खुडावा. मन होत नाही, पण बुडापासून फांद्या फुटायच्या तर हे करावेच लागते. उंच रोप विकत घेऊन शेंडा जपणाऱ्याचे कुंपण खाली कायम उघडे राहते. पुढे छाटताना खाली रुंद नि वर अरुंद ठेवावे, म्हणजे बुडाच्या पानांना ऊन लागते. उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळा वीतभर जाड अंथरावा, त्याने भेगा पडत नाहीत.

छाटलेला पाला जाळू नये, हे मी हातोदच्या माणसाला सांगावे हे जरा गमतीचेच आहे. कारण पाल्याचे सोने करायची रीत जगाला गेली ती इंदूरहून. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर ही संस्था उभी होती. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती, राख यांचे थर देऊन, खालीवर करून, तीनेक महिन्यांत खत करायची पद्धत तिथे बसवली गेली. 'इंदूर पद्धत' या नावाने ती पुस्तकात गेली. १९३१ च्या त्या पुस्तकावर हॉवर्डसाहेबांबरोबर नाव आहे यशवंत वाड यांचे. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना हॉवर्ड माहीत असतात. वाडांचे नाव आपल्या मराठी माणसांना तरी माहीत आहे का? कण्हेरीसारख्या विषारी फांद्यांचा प्रश्नच नसेल, तर कुंपणाची छाटणी हा कचरा राहत नाही, पुढच्या वर्षीचे अन्न होते. लावलेल्या झाडानेच स्वतःला जेवू घालावे, यापेक्षा सोय ती काय!

शेवटचे शेजाऱ्याबद्दल. आपण लावलेल्या कुंपणाला दोन अंगे असतात. आतले आपण पाहतो, बाहेरचे गाव पाहते. हातोदसारख्या गावात बाहेरून येऊन घर बांधणाऱ्याने पहिल्याच वर्षी बारा फुटी भिंत घातली तर गाव काय समजायचे ते समजते. आमच्या गोव्यात हे आम्ही रोज पाहतो. जुन्या घरांचे कमरेएवढे गडगे जाऊन तिथे डोक्यावरून जाणाऱ्या भिंती येताहेत, आणि गडग्याला टेकून होणाऱ्या गजाली बंद पडताहेत. करवंदाच्या कुंपणाचे तसे नाही. त्याच्या बाहेरच्या अंगाला लागलेली करवंदे शाळेतून येणारी मुले खाणार, ती त्यांचीच. तगरीची फुले पहाटे कुणी आजी परडीत घेऊन जाणार, नेऊ द्यावीत. 'कुंपणच शेत खाते' अशी म्हण आपल्यात आहे. भलते झाड निवडले तर ती अक्षरशः खरी होते. योग्य निवडले तर कुंपण शेतालाही घालते नि वाटसरूलाही.

लवकरात लवकर दिसेनासे होण्यासाठी झाडे लावणारा माणूस गावातूनही लवकर दिसेनासा होतो, असे मला वाटते. आडोसा हळूहळू वाढला तर त्या दोन-तीन वर्षांत रस्त्यावरून जाणाऱ्यांची तोंडे ओळखीची होतात, 'काय ताई, लसूण कशी लागली?' असे विचारणारी होतात. आणि ओळखीच्या माणसाने पाहिले तर त्याचे तेवढे वाटत नाही. कदाचित तेव्हा साठ फुटांपैकी वीसच फूट पुरतील. उरलेल्या जागेत लसूण लावता येईल.